तीन महिन्यांत झिजलेले पॅड

१७ फेब्रुवारी १९९२

पुन्हा तोच आवाज! पुढच्या डाव्या चाकातून, ब्रेक लावला की. पाटीवर खिळा ओढावा तसा.

नोव्हेंबरात पॅड बदलले होते. आज फेब्रुवारी. तीन महिने! गाडीबरोबर आलेले पहिले पॅड साडेतीन वर्षं टिकले. ह्यांच्या आठवड्यातून दोन खेपा ताडकळसच्या शेतावर, एरवी गावातल्या गावात. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले प्राध्यापक आहेत, टॅक्सीवाले नव्हेत. मग पॅड जातात कुठे?

रेवणप्पाच्या गॅरेजवर स्वतः गेले. ह्यांना एकटं पाठवलं तर चहा पिऊन परत येतात. त्याने चाक काढून दाखवलं. पॅडचा नुसता पत्रा उरलेला. ज्या लोखंडी तबकडीला ते पॅड चिमटतात, ती डिस्क. तिच्यावर नांगरल्यासारख्या रेघा, मधे निळसर डाग.

"डुप्लिकेट घातलेस तू." मी सरळच म्हटलं.

"पाकीट तुमच्यासमोर फोडलं व्हतं, मोठ्या बाई."

(शाळा सोडून पाच वर्षं झाली. गावाला मी अजून मोठ्या बाईच.)

"मग झिजले कसे?"

"गाडी कशी चालवायलेत त्याच्यावर बी असतंय," म्हणाला, आणि गाडीत बसलेल्या ह्यांच्याकडे बघून गप्प झाला. हे समोरच्या काचेतून रस्ता बघत होते. जणू गाडी चालूच आहे.

ह्या वेळी पॅड मी निवडणार. ठरलं.

१९ फेब्रुवारी

नामांतराचा मोर्चा. बाजार बंद. चौदा वर्षं चाललंय. एका विद्यापीठाला एक नाव द्यायला एवढी वर्षं? मी असते तर एका सकाळी पाटी बदलली असती.

२० फेब्रुवारी

बन्सीधरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तासभर उभी होते. त्याने तीन जोड मांडले. एक कंपनीचा, सीलबंद. दुसरा दिल्लीचा, पाकिटावर छपाई अशी की 'ब्रेक'चं 'ब्रक' झालेलं. तो मी हातानेच बाजूला सारला. तिसरा म्हणजे जुन्याच पत्र्यावर ट्रकच्या ब्रेकचं लायनर चिकटवलेलं. काठाशी नख लावलं तर वाळलेल्या गोंदासारखी कपची निघाली!

"ह्ये न्हाई घेत बाई शिकलेले लोक," बन्सीधर हसत म्हणाला.

"शिकलेल्यांचे जीव वेगळे असतात का?"

त्याने तो जोड मुकाट्याने आत ठेवला. मग कंपनीच्यातच दोन जाती निघाल्या. "ह्यो मऊ हाय. डिस्कला जपतंय पर लवकर झिजतंय. ह्यो कडक. लय टिकतंय, पर डिस्क खातंय."

"कडकच द्या."

२१ फेब्रुवारी

डिस्कच्या रेघांवरून रेवणप्पाशी वाद. मी म्हटलं, लेथवर घासून सपाट करून आण. आमच्या भावाच्या जीपच्या ब्रेकचे ड्रम तीनदा लेथवर मारलेत. इथे सगळे तेच करतात.

"बाई, ह्यो ड्रम न्हाई, डिस्क हाय. आधीच झिजल्याली. अजून पातळ झाली की तापती, अन् तापली की ब्रेक धरीत न्हाई. नवीच टाका. इथं न्हाई भेटायची, नांदेडहून आनावी लागंल."

चांगल्या लोखंडाला फेकायचं? वस्तू वापरायच्या असतात, मिरवायच्या नसतात. लेथच!

रेवणप्पाची बायको शांतम्मा चहा घेऊन आली. म्हणाली, "मालक, ऐका की. मोठ्या बाईंनी सांगितलं म्हंजी लोखंड बी जाड व्हतंय." मी हसले नाही. हे मात्र हसले.

२६ फेब्रुवारी

ब्रेक उत्तम. आवाज बंद. स्वतः लक्ष घातलं की कामं होतात.

११ मार्च

ह्यांचं वजन चार किलोंनी उतरलं. चांगली गोष्ट आहे. माझ्या मागे लागण्याचं फळ. रोज पहाटे चालायला हाकलते. निवृत्त माणूस बसला की संपला.

२३ मार्च



ताडकळसला बाजाराचा दिवस. मीही बरोबर गेले होते. ओढ्याच्या उतारावर जळका वास आला. मी म्हटलं, कुणाचं तरी शेत पेटलंय. शेत नव्हे, आमचंच चाक! बाजाराच्या तोंडाशी ह्यांनी ब्रेक दाबला तर पाय खालपर्यंत गेला आणि गाडी चालतच राहिली. समोर माठवाली. गाडी तिच्या मांडलेल्या माठांत शिरून थांबली. बाई हातभर अंतरावर. तिच्या मांडीवर तान्हं मूल होतं.

कुणाला लागलं नाही. लागलं नाही. दोनदा लिहिते.

सरजाबाई तिचं नाव. आधी मूल तपासलं, मग कमरेवर हात. "मास्तर, माठ घ्याला चालत याचं असतंय!" सगळा बाजार हसला. हे खाली उतरून खापऱ्या गोळा करायला लागले. चेहरा पांढरा. मी म्हटलं, "तुमची चूक नाही. ब्रेकच गेले." ते काहीतरी बोलणार होते. मी ऐकायला थांबले नाही. मला रेवणप्पा दिसत होता.

२४ मार्च

गेले. गॅरेजवर चार गिऱ्हाइकं बसलेली होती. त्यांच्यादेखत त्याला चोर म्हटलं. पॅड मी दिलेले, तू बदलून खोटे घातलेस. एक बाई मूल घेऊन मेली असती. असं सगळं बोलले. शाळेच्या पटांगणात बोलत असे त्या आवाजात.

रेवणप्पा पुसत होता तो पाना पुसतच राहिला. शांतम्मा आतून धावत आली. "तोंड आवरा बाई! तुमाला ठावं न्हाई ते..."

"शांते, आत जा," तो म्हणाला.

"कामून जाऊ? रोज ऐकून घ्याचं का?"

"जा म्हनलं ना."

मला वाटलं, पकडला गेला म्हणून गप्प आहे.

३० मार्च

सकाळच्या पॅसेंजरने एकटीच नांदेडला. स्टेशनजवळच्या फिटरकडून जुनी डिस्क काढून घेतली होती, ती पिशवीत घालून नेली. दुकानदाराने व्हर्नियर लावून माप घेतलं. नवी दहा मिलिमीटर असते. आठच्या खाली गेली की भंगारात टाकायची. ही सात!

"लेथवर कोणी मारली ही?" त्याने विचारलं.

 दोन्ही बाजूंच्या नव्या डिस्क घेतल्या, पॅड मऊ जातीचे घेतले.

परतीच्या गाडीत विचार करत होते. ह्या बाबतीत रेवणप्पाचं खरं होतं. सांगायला जायला हवं. जाईन.

६ एप्रिल

नाही गेले. तोंड कोणतं घेऊन जायचं? गाडी स्टेशनजवळच्या त्याच मुंजाजी फिटरकडे दिली. त्याने डिस्क, पॅड बसवले. मग म्हणाला, "बाई, ब्रेकच्या पायडलला ही पट्टी कुनी मारली?"

वाकून पाहिलं. पेडलच्या उजव्या काठाला बोटभर उंच लोखंडी पट्टी, वेल्डिंग करून लावलेली. कंपनीची नव्हे. रेवणप्पाचाच गबाळेपणा असणार. म्हटलं, कापून टाक.

हे म्हणाले, "राहू दे की, कमल."

"कशाला राहू दे?"

हे वळून स्टेशनकडे बघू लागले. कापली.

२२ एप्रिल

नीट लिहिते. क्रमाने.

दुपारी दोनला हे बाजारातून परत आले. फाटकातून आत येताना गाडी थांबायच्या ऐवजी उसळली आणि पाण्याच्या हौदावर आदळली. मी धावत बाहेर. हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. "पाय चुकला," म्हणाले. ब्रेकऐवजी ॲक्सिलेटरवर गेला.

दार उघडून उतरले. डाव्या पायात चप्पल. उजवा अनवाणी! मी सुरूच केलं. चप्पल कुठे टाकली, लक्ष कुठे असतं, मागच्या महिन्यातही देवळात एक सोडून आलात, आता काय चपलेला दोरी बांधू? ते खाली पायाकडे बघत होते. चप्पल नाही हे त्यांना तेव्हाच कळलं.

ते व्हरांड्याच्या पायऱ्या चढून गेले. मागे फरशीवर एक आड एक ओला डाग. मी खाली बसून त्यांचा तळवा वर केला. ह्या उन्हात डांबरावरून बाजारभर चालले होते. आख्खा तळवा फोडांचा. अंगठ्याखालचा फुटलेला.

"दुखत नाही?"

"नाही."

मी बोट दाबलं. जोरात. "आता?"

"कुठे दाबतेस?" त्यांनी विचारलं.

२३ एप्रिल

डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून तळव्याला सुई टोचली. घोट्यापर्यंत काही नाही. घोट्याच्या वर कुठे हे दचकले. रक्तात साखर दोनशे ऐंशी. आणि मी वजन उतरलं म्हणून खुशीत होते!

"किती दिवसांपासून बधिर आहे?" डॉक्टर.

"आत्ताच. थोडे दिवस," हे.

डॉक्टर म्हणाले, "थोड्या दिवसांत एवढं होत नाही, सर." हे खिडकीबाहेर बघत राहिले.

जखम भरते का पाहायचं. नाही भरली तर अंगठा जाईल. त्यावर थांबलं नाही तर पाऊल.

२५ एप्रिल

शेवटी गेले. पाय जड होते. माझेच.

रेवणप्पा गाडीखाली झोपून काम करत होता. बाहेर आला नाही. शांतम्मा उंबऱ्यात उभी राहिली.

मी म्हटलं, "सरांच्या पायाला संवेदना नाही. परवा कळलं."

"आमाला दिवाळीपासून ठावं हाय," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. ती बोलत होती आणि मी उभी होते, तिने बस म्हटलं नाही. दिवाळीनंतर पॅड बदलायला हे आले तेव्हाच रेवणप्पाने विचारलं होतं, सर, ब्रेकवर पाय ठिवूनच चालवता का? ह्यांनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं. पाय ब्रेकवर आहे की नाही तेच कळत नाही, म्हणून भीतीने दाबूनच ठेवतो. त्याने म्हटलं, गाडी सोडा. हे म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत तरी चालवू दे, घरी बसलो तर बाई खायला उठेल. म्हणून त्याने ती पट्टी मारून दिली. पाय ॲक्सिलेटरकडे घसरू लागला तर पट्टीला अडावा.

"सरांनी शपथ घातली व्हती, मोठ्या बाईला सांगू नको म्हनून. आमच्या मालकांनी पाळली. चोर म्हनून घेतलं पर पाळली. आता बोला."

 पट्टी मी कापून टाकली, तेही सांगितलं. ती पदर तोंडाला लावून बघत राहिली.

रेवणप्पा बाहेर आला, हात पुसले. मी माफी मागितली. चार गिऱ्हाइकांपुढे बोलले होते, आज दोनच होती. तरी मोठ्याने मागितली.

तो म्हणाला, "माझं बी चुकलं. चालवूच द्याला नको व्हतं. त्या माठवालीचं लेकरू रोज डोळ्यापुढं येतंय." मग, "च्या घ्या. सरांना बगाला मी येतो. पर गाडी माझ्याकडं आनू नका, बाई. आता नगं."

चहा घेतला. गोड होता. पिववला नाही, पण संपवला.

२६ एप्रिल

छत्तीस वर्षांचा संसार! फिटरला सांगतात, मला नाही! आज ड्रेसिंग करताना न राहवून बोलले. "मी काय वाघ आहे? एक शब्द सांगितला असता तर?"

"राहून गेलं," म्हणाले. हसले थोडे.

"अशा गोष्टी राहून जातात?"

"हळू बांध," म्हणाले. मी चमकून वर बघितलं. "लागलं?"

"नाही ग. सवयीने म्हटलं."

४ मे

जखम काळी पडते आहे. परवा अंगठा काढणार. बाकीचं पाऊल वाचेल की नाही ते उघडल्यावर सांगतील. रेवणप्पा डबा घेऊन आला होता, शांतम्माने ज्वारीच्या कण्यांची पेज पाठवलेली. ह्यांच्याशी तासभर बोलत बसला. मी आत गेले की दोघे थांबत. किती वर्षं माणसं अशी थांबत आली असतील मी आत आले की?

ह्यांच्यावरचा राग जात नाही. त्यांनी सांगायला हवं होतं. वेळेवर कळतं तर मी काहीही केलं असतं. मुंबईलासुद्धा नेलं असतं.

५ मे

मागच्या वर्षी लघवी तपासली होती का, डॉक्टरांनी तारीख विचारली. म्हणून ९१ सालची वही काढली.

तपासणी सापडली नाही. हे सापडलं. १९ सप्टेंबर: 'हे म्हणाले, उजव्या तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं, डॉक्टरांना दाखवू का. म्हटलं, वयाची नाटकं, दोन मैल जास्त चाला. नळाच्या तक्रारीचा अर्ज टाकला.'

अक्षर माझंच. एकही खाडाखोड नाही.