नकाशातली हिरवी गल्ली

४ फेब्रु.
वैदेही आली. घराघरात इंटरनेट पोचावं म्हणून भांडणाऱ्या संस्थेतली. चपला काढायच्या आत म्हणाली, "काकू, सरकारी नकाशात तुमची गल्ली हिरवी आहे." हिरवी म्हणजे लाइन पोचलेली. केबल बिबवेवाडीच्या मोठ्या रस्त्यावरून सरळ जाते, आमच्याकडे वळत नाही. शेजारच्या कमलवहिनींची रूपाली नर्सिंगचा तास ऐकायला गच्चीवर टाकीपाशी बसते. उन्हात. हिरवी म्हणे!

७ फेब्रु.
वैदेहीने तीन वर्षांपूर्वीच्या पाहणीचे कागद आणले. गल्लीतल्या प्रत्येक घरापुढे "इंटरनेट : आहे". अक्षर बघितलं आणि चहा उतू गेला. यांचं अक्षर.
पाहणीवाल्या बाई दमल्या म्हणून यांनीच सगळे फॉर्म भरून दिले होते. मी म्हटलं, अहो, आपल्याकडे कुठंय? तर म्हणाले, "मोबाइलला रिचार्ज आहे ना? परक्यासमोर नाही-नाही काय लावायचं!" डब्यात साखर नसली तरी पाहुण्याला "आहे हो" म्हणणारा माणूस. दोन वर्षं झाली जाऊन.

१० फेब्रु.
१८ला सुनावणी. घरटी एक कागद हवा, "आमच्याकडे लाइन नाही", खाली सही. कोणी देईना. कमलवहिनी तर दारातच, "तुमच्या मिस्टरांनी आहे लिहिलं, आता आम्ही नाही म्हणायचं? बरं दिसतं का?"
नाही दिसत. म्हणून तर मीही अजून सही…

१३ फेब्रु.
वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत मी वाचायला शिकले. अडलं की यांना विचारायचं. एकदा विचारलं, छापलेलंच चुकीचं असलं तर? "मग पेनाने दुरुस्त करायचं." रोज सकाळी पेपरातल्या चुका लाल पेनाने सुधारत बसायचे, बातमी नंतर.
ते पेन ड्रॉवरमध्ये सापडलं. झटकल्यावर चाललं. पहिला कागद माझ्या घराचा. लिहिलं, नाही.
वहिनींनी बघितलं. म्हणाल्या, "द्या इकडे. तुमचे मिस्टर वरती चिडतील तर दोघींवर चिडू देत." मग गल्ली आली.

१८ फेब्रु.
साहेबांनी विचारलं, "आजी, मग चूक कोणाची?"
"माझ्या मिस्टरांची. त्यांना नाही म्हणता येत नसे."
वैदेहीने मागणी वाचली. रस्त्यावरून केबल गेली म्हणून गल्ली पोचलेली धरू नका, घरात लाइन आली तरच धरा. नियमच तसा करा. साहेब म्हणाले, नियमाचं बघू, आधी फेरपाहणी होईल.
रिक्षात वैदेहीने माझा हात सोडला नाही.

६ मार्च
फेरपाहणीच्या बाई आल्या. दारादारातून "नाही! नाही!" इतकं मोठ्याने की बाई दचकल्या. रूपाली टाकीवरून ओरडली, "माझंपण लिहा!"
लाइन कधी? "वर कळवते."
आमच्या दारात विचारलं, घरात माणसं किती?
"दोघं," म्हटलं मी.
त्यांनी लिहून घेतलं. लाल पेन माझ्या हातातच होतं.