चौथ्या मजल्याचं पाणी

३ मार्च, सोमवार
वीसपैकी सहा! तिसऱ्यांदा बसतेय या फ्लुइड मेकॅनिक्सला आणि चाचणीत सहा! दोन उत्तरं बरोबर होती, तरी सरांनी लाल शाईत विचारलंय – "आकृती कुठे?" वर सगळ्या वर्गासमोर व्याख्यान. "आकृती काढल्याशिवाय सूत्राला हात लावायचा नाही. पाणी कुठून येतं, कुठे कुठे जातं, ते आधी बघा." मला चित्रंच काढायची असती तर इथे कशाला मरायला आले असते?

घरी आले तर नळाला करंगळीएवढी धार. तळमजल्यावर राहणारे सोसायटीचे सेक्रेटरी पाइप लावून गाडी धुतायत. डोकंच फिरलं.

५ मार्च
मागच्या वर्षी चौथ्या मजल्यावर थेंब येत नव्हता. आई खालून बादल्या आणायची, गुडघ्यांची वाट लागली. मग एक दिवस ही धार सुरू झाली. तेवढ्यावर ती खूश! मी तक्रार करते म्हटलं, तर एकदम घाबरल्यासारखी – "नको गं बाई. पुरतंय ना आपल्या दोघींना?"

पुरतंय म्हणे. आयुष्यभर हेच केलं हिनं.

७ मार्च
पुस्तक फेकलं आणि आमच्याच इमारतीचं गणित मांडलं. पंपाच्या पाटीप्रमाणे तो चोवीस मीटर पाणी चढवतो. आमचा नळ चौदा मीटरवर. घर्षणात आणि वळणांत चार मीटर गेले म्हणू. उरतात सहा! सहा मीटरचा दाब! पाणी धो धो यायला हवं!

दोनदा तपासलं. म्हणजे कोणीतरी मधे अडवतंय.

(आकृती काढली नाही. एक पंप, एक पाइप, एक नळ – त्यात काढायचंय काय?)

१० मार्च
सापडला! सकाळी सातला पंपाच्या खोलीच्या जाळीतून बघितलं. पंप चालू, आणि आमचे पंपवाले काका व्हॉल्व्हचं चाक आवळतायत. बंद करायच्या बाजूला! तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत होते तेव्हापासून काका काका म्हणत आलेय मी या माणसाला. माझ्या सायकलची चेन बसवून द्यायचे.

११ मार्च
आज जिन्यात सगळ्यांसमोर काकांना विचारलं. कागद सेक्रेटरींच्या हातात दिला, आकडे समजावले. आई मागून ओढणी खेचत होती – "अगं, जाऊ दे ना. वर चल."

सेक्रेटरींनी विचारलं, "काय हो, आवळता का व्हॉल्व्ह?"

"आवळतो."

"का?"

गप्प! माझ्याकडे बघेनात. आईकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. शरम वाटली असेल. वाटायलाच हवी!

१२ मार्च
काढलं त्यांना. बरं झालं.

आई जेवली नाही. पित्त झालंय म्हणाली.

१४ मार्च
नवा माणूस आलाय. सेक्रेटरींनी स्वतः उभं राहून सगळी चाकं पूर्ण उघडून घेतली. आमच्याकडे – थेंब नाही! धार होती तीही गेली! नळ नुसता फुसफुसतोय. खाली जाऊन ओरडले, तर सेक्रेटरी म्हणतात, "तुझ्या म्हणण्याप्रमाणेच केलंय. आमच्याकडे तर झकास येतंय."

सहा मीटर कुठे गेले?

१७ मार्च
कॉलेजला जायच्या आधी चार बादल्या वर आणल्या. परत आले तर पाचवी आईनं आणलेली. चिडले तिच्यावर. ती काहीच बोलत नाही हल्ली. मूग गिळून बसलीय.

१९ मार्च
पेपर झाला. प्रश्न चौथा, पंधरा मार्कांचा: एका पंपाच्या पाइपला पुढे दोन फाटे. एक खालच्या टाकीकडे, दुसरा वरच्या. खालच्या फाट्याचा व्हॉल्व्ह अर्धा बंद असतानाचा वरचा प्रवाह काढा. मग तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, तर वरचा प्रवाह किती?

सरांची कटकट आठवून आधी आकृती काढली. पंप. दोन फाटे. खालची टाकी, वरची टाकी. पेन्सिल तिथेच थांबली.

सोडवलं. पूर्ण उघडल्यावर पाणी सगळं खाली पळतं. फाट्यापाशी दाब उरतो अकरा मीटर, आणि वर चढायचंय चौदा. उत्तर शून्य. तीनदा तपासलं. शून्य.

अर्धा तास आधी पेपर देऊन निघाले. तडक पंपाच्या खोलीत गेले. पहिल्यांदाच आत गेले! दोन फाटे. दोन चाकं. काका आवळायचे ते चाक तळमजल्याकडे जाणाऱ्या पाइपवरचं.

ते आमचं पाणी अडवत नव्हते. आम्हाला पाणी देत होते! आणि मी मूर्ख, मी अर्धवट, कागद नाचवत होते! थोबाडात मारून घ्यावीशी वाटतेय.

पण मग बोलले का नाहीत? "तुमच्यासाठीच आवळतो" – एवढंच तर म्हणायचं होतं.

२० मार्च
काकांच्या घरी जाऊन आले. पाया पडले. रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, "तळमजल्याला कळलं असतं तर तुमची धार त्याच दिवशी गेली असती. तुझ्या आईनंच सांगितलं होतं करायला. कोणाला बोलायचं नाही, अशी शपथ घातली होती."

त्या दिवशी जिन्यात आई माझ्या मागेच उभी होती.