हत्तीच्या पोटाखालची घंटा

नेरूळ,
बुधवार, दुपार

प्रिय सगुणा,

तुझ्या मुलीने आज सकाळी मला बजावलं, की पुन्हा माझ्या पोरीच्या पाठीमागे ताट वाजवलंत तर मी तिला घेऊन हुबळीला निघून जाईन. मी पुन्हा वाजवलं. म्हणून हे पत्र.

परवाच्या गाडीचं तिकीट ती काढून आली आहे. आल्या आल्या ती तुला सांगेल की सासू छळते, आणि ते अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण तिच्याआधी माझं म्हणणं तुझ्या हाती पडायला हवं. बसून लिहिणं काही जमत नाहीये. दोन ओळी झाल्या की उठते, खिडकीशी जाते, परत येते. मघाशी गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता.

सरळ सांगते. आपल्या स्नेहलला ऐकू येत नाही असं मला वाटतं. कमी येतं की मुळीच येत नाही, ते तपासणीनंतर कळेल, आणि तपासणीला तुझी मुलगी तयार नाही. फोनवर मी हे काढलं तेव्हा तू हसलीस आणि म्हणालीस, "मालू, अजून डासाचा हत्ती करतेसच का गं?" तेवढ्यावर विषय संपला, कारण मलाही हसू आलं. कोल्हापूरच्या होस्टेलमधलं ते वाक्य तू इतकी वर्षं जपून ठेवलं असशील असं वाटलं नव्हतं. जर्मनच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं, की आपण राईचा पर्वत करतो तसा ते लोक डासाचा हत्ती करतात, आणि त्या दिवसापासून माझी प्रत्येक तक्रार तुझ्या हिशेबी हत्ती झाली. मग आपल्याला वेडच लागलं. गच्चीवर केस वाळवत बसायचं आणि कोण कुठल्या भाषेत काय म्हणतं ते एकमेकींना ऐकवायचं. फसवलं की तुमच्या कानडीत कानावर फूल ठेवलं म्हणतात, हे तू सांगितलंस. आठवतं, खोटं सांगून सिनेमाला गेलो होतो, आणि परत आल्यावर तू रेक्टरबाईंना शेवंतीचं फूल नेऊन दिलंस? त्यांनी खुशीत ते कानावर खोचलं, आणि आपण जिन्यात बसून तोंडात पदर कोंबून हसलो.

तुझ्या जावयाने, उदयने, तो नाद माझ्याकडून घेतला. मागच्या पत्रात त्याने जहाजावरून लिहिलं, की त्यांचा चीफ इंजिनीअर पोलंडचा आहे आणि उदय गायला लागला की तो म्हणतो, याच्या कानावर हत्तीने पाय दिलाय. बेसूर माणसाला त्यांच्याकडे तसं म्हणतात. मी ते मोठ्याने वाचलं. तुझी मंजुषा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, कारण आपला उदय कसा गातो ते तुला ठाऊक आहे. स्नेहल आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती. एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि मग आमचं बघून तीही हसली. पुढचं पत्र मला वाचवेना. मी ते मंजुषाच्या हातात दिलं आणि कुकर लावायला गेले.

तोपर्यंत मला नुसती शंका होती. गेल्या आठवड्यात आमच्या सेक्टरमध्ये खरोखरचा हत्ती आला. माहूत घरोघरी फिरवतात तसलाच एक, कपाळावर रंग काढलेला, गळ्यात तांब्याएवढी घंटा. वळणावरून ती घंटा ऐकू आली आणि सगळ्या बिल्डिंगची पोरं "हत्ती आला, हत्ती आला" ओरडत फाटकाकडे पळाली. दिवाळे गावची कोळीण वेणूबाई मासळीची पाटी घेऊन आमच्या दारातच बसली होती, मी बांगडे निवडत होते. स्नेहल आमच्याकडे आणि रस्त्याकडे पाठ करून वाळूत बसली होती, डब्याच्या झाकणात वाळू भरत होती. हत्ती तिच्या अगदी मागे येऊन थांबला, घंटा हलतच होती, आणि पोर झाकण भरतच होती. हत्तीची सावली वाळूवर पडली तेव्हा तिने वर पाहिलं आणि दोन्ही हात पसरून हसली. वेणूबाई म्हणाली, "बाय गो, काय धीट पोर हाय ही! आमचा नातू तं आयेच्या लुगड्यात शिरला असता!" बिल्डिंगच्या बायकाही तेच म्हणाल्या. मंजुषाने कौतुकाने सगळ्यांकडे पाहिलं. मी हातातला बांगडा पाटीत परत ठेवला.

पोर अजून बोलत नाही म्हणून त्याच वेणूबाईने मंजुषाला धीरही देऊन ठेवला आहे. "माजा मदला पोरगा पन तीन वर्सांचा होईपरत बोलला नाय. आता गप बस सांगितला तरी बसत नाय." मंजुषा हे मला रोज ऐकवते. मासळीबद्दल वेणूबाईचा शब्द मी डोळे मिटून घेते. कानाबद्दल नाही घेणार.

मग मी ताट वाजवायला लागले. मागून, बाजूने, दाराआडून. शेजारच्या काकू दारात येऊन विचारून गेल्या, काय पूजा आहे का. तुला हे क्रूर वाटेल. मलाही ते करताना चांगलं वाटत नाही. पण इंग्रजीत म्हणतात तसा, दिसत असून कुणी नाव न घेतलेला हत्ती आमच्या दोन खोल्यांत उभा आहे, आणि तुझी मुलगी त्याच्या पोटाखालून वाकून माझ्यासाठी चहा आणते, वाकूनच परत जाते. मला असं वाकता येत नाही, हे तुला होस्टेलपासून माहीत आहे.

बारशाला आत्या म्हणून आमच्या सुनयनाने स्नेहलच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आणि आपण सगळ्यांनी सुनयनाच्या पाठीत धपाटे घातले. ते नाव पोरीला पोचलंच नसेल. अंघोळ घालताना हे मनात येतं आणि माझा हात थांबतो. कानावर घालायचं, कानाआड करायचं, कान भरायचे, कान उपटायचे. आपलं सगळं बोलणं कान धडधाकट आहेत असं धरूनच चालतं. तिच्या उपयोगाचं त्यात मला अजून एकही सापडलं नाही.

आता मुद्द्याचं. लस टोचायला गेलो होतो तेव्हा डॉक्टरांना मीच सांगितलं. त्यांनी तपासणीची चिठ्ठी दिली आणि मंजुषाला विचारलं, दिवस असताना सुरुवातीला कधी ताप आला होता का, अंगावर लाल पुरळ आलं होतं का; तसला ताप पोटातल्या पोराच्या कानांवर जातो म्हणे. प्रश्न पुरा व्हायच्या आत ती "नाही" म्हणाली. येताना रिक्षाभर बाहेर तोंड करून बसली होती, आणि घरी आल्यावर नळ सोडून बराच वेळ न्हाणीघरात होती.

त्या दिवसांत ती तुझ्याकडे होती, सगुणा. येणार येणार म्हणत राहणं लांबलं. तू लिहिलं होतंस, घराला रंग काढलाय, मदतीला ठेवून घेते. पोटुशी मुलीला रंगाच्या वासात कुठली आई ठेवून घेते? तू माझ्या कानावर फूल ठेवलंस. माझ्या स्वभावाला भिऊन ठेवलं असशील. ठेवलंस तर ठेवलंस, मला त्याचा जाब विचारायचा नाही. लग्नाआधी ती मला मालूमावशी म्हणायची. सकाळी ताट माझ्या हातातून हिसकावून घेताना तिच्या तोंडून तेच निघालं. "मालूमावशी, शेवटी तुम्ही मलाच दोष देणार ना?" तेव्हा मला कळलं की ती तपासणीला भीत नाही. त्या एका प्रश्नाला भिते. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मला ते पटकन जमत नाही. मी म्हणाले, "ताट दे, पोळ्या थंड होतायत."

म्हणून तिला अडवत नाही, तुझ्याकडे येऊ देते. काय झालं होतं ते मला सांगू नकोस, उदयलाही मी काही विचारणार नाही. डॉक्टरांना सांग, आणि तिच्यासमोर सांग. ताप कुणी मागून घेत नाही, हेही तिला सांग. माझ्या तोंडून तिला ते खरं वाटणार नाही. तपासणी हुबळीत होत असेल तर हुबळीत कर, नाहीतर बेळगावला ने, मिरजेला ने, मला कळवायलाही थांबू नकोस. डॉक्टर म्हणाले की यंत्र लावून शिकवलं तर पोर बोलू शकेल, पण शिकायचं वय हेच आहे आणि ते चाललंय. डॉक्टरांपुढचा तो नकार तुम्ही दोघींनी मिळून धरून ठेवला आहे. सोडायचाही तुम्ही दोघींनीच.

तुझीच,
मालू

ता. क. पोस्टावर भरवसा नाही. आमच्या गावचा धनाजी कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहे, त्याच्या ओळखीचा ट्रक आज हुबळीला परत जातोय. त्याच्या हाती देतेय ते असं: हे पत्र, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि रुमालात बांधलेली एक पितळी घंटा. तू बारशाला दिलेल्या गोकाकच्या लाकडी हत्तीच्या पोटाखालची आहे. हत्ती स्नेहलजवळच आहे, दिवसभर दोरी धरून ओढते. ओढला की वाजणारी ती घंटा मी, दारात खरा हत्ती आला त्याच दिवशी काढली. तिने अजून थांबून मागे पाहिलेलं नाही.