बांदावरची खोटी हाळी

उरण, १९८६

दादूस,

त्या दिवशी बांद फुटला नव्हता. मी मुद्दाम ओरडले.

सरकारनं राखलेली, बांदापुढं लाटा अडवनारी आपली तिवरं बिल्डरला द्यायची आनि बदल्यात त्याची डोंगरातली खडकाळ जमीन घ्यायची, या कागदावर तू सरपंच म्हनून सही केलीस. गावानं तीन दिवस तुझ्या दाराशी बोंब मारली, तू कडी काढली नाय. मग मी बांदावरून हाळी घातली, "बांद फुटला, खांड गेली." खारं पानी शेतात शिरलं की वैर विसरून फावडं घेऊन धावायचं, हे बापानं आपल्याला शिकवलेलं. तू येशील, हे मला ठावं होतं.

तू अनवानी धावत आलास. दबा धरून बसलेल्या गाववाल्यांनी तुझंच फावडं हिसकावलं आनि सही केलेल्या हातावर घातलं. दोनदा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तू मात्र पोलिसांना म्हनालास, "हिरूला पानी शिरल्यासारखं दिसलं असंल."

परवा बिल्डरच्या मानसांनी तिवरं तोडली. काल दुपारच्या उधानानं उघडा पडलेला बांद खरंच फोडला. मी घसा फाटेस्तोवर ओरडले. गावाला वाटलं, हिरू पुन्हा कोनाला तरी मार खायला बोलावते. कोनी हललं नाय.

तू एकटा आलास, डाव्या हातात फावडं घेऊन.

हे तुला सांगायलाच पायजे. पन सांगितल्यावर माझ्या हाळीला कोन येईल?

तुझी बहीन,
हिरू