दुपट्ट्याखालचा सौदा

सदर, नागपूर

आमचे एकुलते एक साळे, भिवापूरच्या मिरचीचे जुने दलाल देवाजीराव यांस रुपरावचा लवून रामराम. (लवता येत नाही, तरी लवलो असं समज.) गुडघा कसा आहे? तिखट सोडलं का? सोडलं नसशीलच. तुझ्या बहिणीनं, म्हणजे आमच्या गोपिकेनं, मले मात्र आळणी भाजीवर आणून ठेवलं आहे.

बातमी पोचलीच असेल. मेंदूतली नस तुंबली, रक्त थांबलं अन् माझा डावा हात गेला. डॉक्टरनं इंजेक्शन देऊन गाठ विरघळवली. मी म्हटलं, रक्त सुरू झालं ना, आता पुन्हा भानगड काहून? तर म्हणे, काका, रक्त थांबलं की पेशींतले एन्झाइम जागे होतात अन् एकमेकांले निरोप देत सुटतात. काही म्हणतात तग धर, काही म्हणतात आवरतं घे. रक्त परत आलं तरी ही बोलणी कितीतरी दिवस चालूच राहतात, अन् कोणाचं चाललं ते मागाहून कळते. (म्हणजे मालक मी अन् सौदा करून राहिले दुसरेच! मले विचारलं का कोणी?)

इथवर ठीक होतं. मग तुझ्या बहिणीनं घोटाळा केला. हात गार पडते म्हणून तिनं त्याच्यावर माझा दुपट्टा टाकला. आता तूच सांग गा, आपण दोघांनी उभी हयात दुपट्ट्याखाली बोटं धरून मिरचीचे भाव केले. तोंडातून ब्र नाही, सारं बोलणं बोटांत. दुपट्टा पडला अन् गेलेला हात धंद्याले लागला! मले आत काही जाणवत नाही, वरून कापड हललेलं दिसते तेवढंच. व्यायाम करवणारी वैभवी तर हरखूनच गेली. आत हात घालून म्हणे, काका, पकड येऊन राहिली! मी ओरडलो, बाई, हात काढ, तुले कोणता माल घ्यायचा आहे! तेव्हापासून ती दुरूनच व्यायाम सांगते.

हसू नको. बोटांची भाषा मी विसरलो नाही. आधी हात साफ नकार देत होता. मग भाव उतरवू लागला. मधेच थांबते, समोरच्याचं ऐकल्यासारखा, अन् मग कापड दोन जागी हलते. माझा हात तर एकाच जागी आहे, देवाजी. दुपट्टा उचलून पाहिला, खाली फक्त माझाच हात, गारठलेला. मले भेव वाटते. गोपिकेले सांगितलं नाही. बिचारी आधीच जेवण टाकून माझ्या तोंडाकडे पाहत बसते.

घरच्या लहानमोठ्यांस विचारलं म्हणून सांग.

तुझा,
रुपराव

ता. क. खरं काम हे, की मिळेल त्या गाडीनं ये. माझ्या डावीकडे बस, दुपट्ट्यात हात घाल अन् सौदा मोड. तुझ्याएवढा चिवट दलाल मले दुसरा माहीत नाही. निदान काय विकून राहिला ते तरी विचार. मले अजून जगायचं आहे गा.

ता. क. दुसरा. घाई करू नको. आत्ताच कापडाखाली बोटं गच्च मिटली; सौदा पटला. अन् खरं सांगतो, काही गेल्यासारखं वाटत नाही. लिहिता हात शाबूत, डोकं साफ. फक्त इथं उशाशी एक बाई बसून आहे, डोळे पुसून राहिली, मले ‘अहो’ म्हणते. चांगल्या घरची दिसते. कोणाची आहे ते तुले माहीत असेल तर कळव. नाक हुबेहूब तुझ्यासारखं आहे.