मोरिवलीच्या वांग्यांचे जंत आणि एक न पटलेला शेरा

प्रति,
मा. पीक पाहणी अधिकारी,
मोरिवली विभाग, अंबरनाथ.

विषय : पंचनाम्यातील ‘अर्जदाराचा निष्काळजीपणा’ हा शेरा काढून टाकणेबाबत.
संदर्भ : दि. १६ जानेवारी २०२५ चा पंचनामा (अर्जदाराने सही न केलेला).

महोदय,

अर्जदार बनूबाई हरिचंद्र गायकर, वय ६३, या कारखान्याच्या कुंपणालगत अकरा गुंठ्यांत चाळीस वर्षे भाजीपाला करतात. गेल्या वर्षी कुंपणाखालून गरम पाण्याचा पाइप गेला. तो कुठेही गळत नाही, हे अर्जदार प्रामाणिकपणे नमूद करतात. मात्र यंदा भर थंडीत पाइपालगतच्या वांग्यांच्या चार ओळींनी माना टाकल्या. झाड उपटले तर मुळांना गाठीच गाठी. लांबच्या ओळी हिरव्यागार.

आपले सहायक श्री. गुरुदत्त पाहणीस आले. “आजी, हे सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे जंत,” असे त्यांनी सांगितले, ते बरोबरच होते. “मंग ते पाइपाकडंच का गोळा झाले?” असे अर्जदारांनी विचारताच ते हसले. “जंत काय थर्मामीटर घेऊन फिरतात?” असे म्हणून त्यांनी वरील शेरा लिहिला. त्याच शेऱ्यावरून आता जमीन पडीक ठरविण्याची नोटीस आली आहे. मुदत मेअखेर.

अर्जदारांना ते हसणे झोंबले. शेजारचे निवृत्त केमिस्ट श्री. दिनानाथ यांच्याकडून त्यांनी थर्मामीटर आणला. पत्र्याच्या लांब ट्रेमध्ये मधोमध रोगट माती, दोन्ही टोकांना स्वच्छ माती व वांग्याचे एकेक रोप, अशी मांडणी केली. एका टोकाखाली बल्ब लावला, दुसऱ्यावर ओले गोणपाट ठेवले. एकीकडे सत्तावीस अंश, दुसरीकडे वीस. पाच आठवड्यांनी उबेकडच्या मुळांवर एकेचाळीस गाठी निघाल्या, थंड टोकाला सहा. श्री. दिनानाथ यांनी स्वतः मोजल्या व म्हणाले, “बनूबाई, अंशाच्या बारीकशा फरकाचीही या जंतांना जाणीव होते. गारठ्यात मंदावतात, ऊब लागली की तिकडे सरकतात.”

थर्मामीटर जंतांच्या अंगातच असतो, असे अर्जदारांचे म्हणणे आहे. तो साहेबांच्या हाती नव्हता, हा निष्काळजीपणा कोणाचा?

सबब,
१. पाइपाजवळच्या व लांबच्या मातीचे तापमान अर्जदारांसमक्ष मोजावे.
२. पाइपास उष्णतारोधक आवरण घालण्यास कारखान्यास कळवावे.
३. शेरा खोडावा. तोवर अर्जदार सही करणार नाहीत. कार्यालयात बोलावले तरी नाही, घरी आलात तरी नाही.

त्या चार ओळींत अर्जदारांनी आज सकाळी झेंडू लावला आहे. त्याची मुळे या जंतांना मानवत नाहीत. मेअखेर आपण जमीन पडीक लिहावयास याल, तेव्हा ती फुललेली असेल. चपला बांधावर काढून यावे.

आपली नम्र, परंतु ठाम,
बनूबाई हरिचंद्र गायकर
मोरिवली, दि. ७ मार्च २०२५

सोबत : तापमानाची वही; श्री. दिनानाथ यांचे सहीचे पत्र. दोन्ही रोपांची मुळे (ओल्या फडक्यात, कृपया फेकू नयेत).