कानाला हात म्हणजे बंट

४ जानेवारी
शाळेच्या मुलींच्या सॉफ्टबॉल टीमचा सीझन सुरू. मी कोच. संकल्प तीनच. मुलींवर ओरडायचं नाही, रोज मैदानाला फेऱ्या मारायच्या, घरी एकटा आहे म्हणून उभ्यानं जेवायचं नाही.
मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी टीम माझ्याकडे ठेवायची की नव्या स्पोर्ट्स मॅडमकडे द्यायची, ते सीझन संपल्यावर ठरवू. मॅडम नुसती शिट्टी गळ्यात घालून फिरतात. मला काळजी नाही. पण टीम गेली तर संध्याकाळी करायचं काय, हा विचार उगाच आला.
फेऱ्या: अर्धी. गुडघा.

६ जानेवारी
खुणांची पद्धत शिकवली. टोपीला हात म्हणजे पळा. कानाला हात म्हणजे बंट, चेंडूला बॅट नुसती टेकवायची. नाकाला हात म्हणजे थांबा. पट्ट्याला हात लावला की आधीचं सगळं रद्द.
मुलींनी माना डोलावल्या. आमच्या कॅचरला सगळ्या 'आजी' म्हणतात, कारण ती ज्याला त्याला पाणी पी, लेस बांध, असं सांगत फिरते. तिनं विचारलं, पॅंट घसरली म्हणून सरांनी पट्टा वर ओढला तर काय समजायचं? प्रश्न वात्रट होता. हसलो नाही.

११ जानेवारी
पहिली मॅच. सडकून हरलो. पॅंट खरंच ढिली झालीय, दिवसभर ओढत होतो. ही लेकीकडे गेल्यापासून वजन उतरलंय.
नातू बसायला लागला की येते, म्हणाली होती. आता तो पळतो.

१८ जानेवारी
जिंकलो! पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या आमच्या उंच 'शिडी'नं, कमाल केली. मी कानाला हात लावला होता, तरी तिनं चेंडू कुंपणापार धाडला. माझ्या खुणेमागचा हेतू ओळखून खेळतात, हे खरं प्रशिक्षण.
हिला फोन केला. नातवाला भरवत होती. लेक म्हणाली, बाबा, मेसेज टाका ना. सविस्तर टाकला. उत्तरात अंगठा आला.

२५ जानेवारी
पुन्हा जिंकलो. मला सर्दी. सारखं नाक पुसत होतो, म्हणजे सारखं 'थांबा', आणि मुली बिनधास्त पळत होत्या. सर्दी कोणती आणि खूण कोणती, एवढं त्यांना कळायला लागलंय.

१ फेब्रुवारी
आजच्या टीमच्या कोचनं एक मुलगी खास माझ्यावर नजर ठेवायला बसवली होती. माझी पद्धत चोरायला बघतात. म्हणून कोपर आणि गुडघ्याच्या खुणा वाढवल्या, मॅच आरामात जिंकली.
घरी गॅलरीत सराव केला. शेजारच्या काकूंनी विचारलं, डास फार झालेत का तुमच्याकडे?

८ फेब्रुवारी
सेमीफायनल जिंकलो. येताना बसमध्ये मुली मागे, मी ड्रायव्हरशेजारी. त्याला विजयाची कारणं समजावली. तो म्हणाला, उतरताना दार जरा जोरात ओढा.
मागे खूप हसत होत्या. मी वळून बघितलं की गप्प. आदर आहे.

१४ फेब्रुवारी
उद्या फायनल. जिंकल्यावर सगळ्या टीमला घरी बोलवायचं ठरवलं. बैठकीतला पसारा आवरला, काकूंकडून खुर्च्या आणून मांडल्या. घर एकदम भरल्यासारखं दिसतं.
हिला म्हटलं, उद्या ये. नातवाला ताप आहे.

१५ फेब्रुवारी
एका रननं हरलो.
शेवटची इनिंग. आजी बॅटिंगला, शिडी तिसऱ्या म्हणजे शेवटच्या बेसवर, तिथून पळत आली की बरोबरी. मी पलीकडे पहिल्या बेसजवळ, तिथे सावली असते. शिडीनं आधी आजीकडे बघितलं, मग बाकाकडे, मग माझ्याकडे. सीझनमध्ये पहिल्यांदाच कोणी असं थेट बघितलं. मी टोपीला हात लावला. ती बेस सोडून दोन पावलं पुढे आली, घुटमळली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "सर, टोपी म्हणजे काय?"
तेवढ्यात बाद झाली.
मॅचनंतर आजी पाण्याची बाटली घेऊन आली. आधी प्या, म्हणाली. मग खाली बघत बोलली, "सर, तुमच्या खुणा आम्ही पहिल्या मॅचनंतरच सोडल्या. खुणा मी करते. मी बॅटिंगला असले की शिडी करते. आज नेमकी तीच बेसवर अडकली."
मी म्हटलं, मग मला कुणी थांबवलं का नाही?
"समोरचे सगळे तुमच्याकडेच बघत बसायचे ना, सर. आमच्याकडे कोणाचं लक्षच नसायचं."
पाणी प्यायलो.

१६ फेब्रुवारी
खुर्च्या परत केल्या. काकूंनी विचारलं, पाहुणे येऊन गेले का? हो म्हटलं.

२० फेब्रुवारी
बाईंनी बोलावलं. त्यांनी मुलींनाच विचारलं होतं, कोच कोण हवा. एकजात सगळ्यांनी माझं नाव घेतलं म्हणे! शेवटी कदर होतेच.
बाईंनी मग नीट समजावून सांगितलं. रोजची प्रॅक्टिस मॅडम घेतील. मी फक्त मॅचला यायचं, पहिल्या बेसजवळ उभं राहायचं, हातवारे पूर्वीसारखेच चालू ठेवायचे. मुलींची तशी खास विनंती आहे.
लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. म्हटलं, कॅलेंडर बघून कळवतो.
घरी येऊन बघितलं. पुढची मॅच थेट जानेवारीत. तोवर मोकळाच आहे.